मदत हवी आहे: शासकीय माहिती संकेतस्थळासाठी गावातल्या बायकांच्या सूचना कशा मांडाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात बचत गटांच्या प्रभागसंघाचा हिशोब बघते. आमच्या भागातल्या एका कार्यालयाने आपलं माहितीचं संकेतस्थळ नव्याने करायला घेतलंय आणि लोकांकडून सूचना मागवल्या आहेत. रेशन, घरकुल, निराधारचं अनुदान, ग्रामपंचायतीची कामं हे सगळं गावनिहाय एका जागी दाखवायचा बेत आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत. अशी संधी सारखी येत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

अडचण सूचना देण्यापासूनच सुरू होते. फॉर्म फक्त ऑनलाइन आहे: नाव, ईमेल, विषय आणि मजकुरासाठी एक छोटा चौकोन. ज्यांच्यासाठी ही माहिती आहे त्या आमच्या बायकांपैकी बहुतेकींकडे ईमेल नाही. हा फॉर्म शहरात बसलेला माणूस भरेल, आणि त्याला रेशन दुकानाची पायरी कशी असते ते माहीत नसेल. म्हणून ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या बैठकीत मी सध्याचं संकेतस्थळच मोबाइलवर उघडलं आणि सगळ्यांना म्हटलं, तुम्हाला काय बघायचंय ते सांगा.

पिवळं कार्ड असलेल्या एक आजी पुढे सरकल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: 'माझ्या कार्डावर या महिन्यात किती धान्य उतरलं?' अंत्योदयचं कार्ड म्हणजे महिन्याला ३५ किलो, हे त्यांना पाठ आहे. पण पानाने आधी दुकानाचा क्रमांक मागितला. दुकानाचा क्रमांक गावात कुणालाच सांगता येईना, सगळे दुकान ओळखतात ते दुकानदाराच्या नावाने. क्रमांक पावतीवर असतो, पण पावती मिळतेच असं नाही. शेवटी एकीच्या घरातून जुनी पावती आणली. मग तक्ता उघडला तो इंग्रजीत, आणि मोबाइलच्या पडद्यावर तो उजवीकडे कापला जात होता. कापला गेलेला रकाना नेमका किती किलो दिले त्याचा. आजी चष्मा सावरत पडद्याकडे बघत राहिल्या. माहिती तिथे होती, सार्वजनिक होती, आणि तरी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं.

नंतर बोलणं सुरू झालं ते थांबेना. घरकुलाच्या यादीबद्दल एकीने जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. यादीत ज्यांना मिळालं त्यांची नावं दिसतात. ज्यांचं नाव 'ड' यादीत (घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत) होतं आणि पुढे गळालं, त्यांचं काय? का गळालं, कुणी गाळलं, आता कागद कुणाच्या टेबलावर आहे, हे कुठेच नाही. दुसरी म्हणाली, माहिती कोणत्या तारखेची आहे तेच कळत नाही, मग भांडायचं कशाच्या जोरावर? ग्रामपंचायतीच्या कामांच्या फायली म्हणजे आडवे स्कॅन केलेले पीडीएफ. काही जुन्या फाँटमधले, त्यामुळे गावाचं नाव टाकून शोधलं तर काही सापडत नाही.

आता माझ्याकडे वहीभर टिपणं आहेत. ती कशी लिहिली तर कार्यालय खरोखर बदल करेल? एकत्रित निवेदन द्यावं की प्रत्येकीची सूचना वेगळी? आणि यादी उघडी ठेवताना कुणाचं खासगी काही बाहेर जाऊ नये, ही रेघ कुठे मारायची? ज्यांनी अशा कामात हात घातलाय त्यांनी कृपया सांगावं.

कोरडवाहू:

ताई, टिपणं विषयवार लावू नका, प्रसंगवार लावा. काय शोधत होतो, कुठल्या पानावर अडलो, काय दिसायला हवं होतं. सोबत त्या पानाचा फोटो. मी सरकारी कामांसाठी सॉफ्टवेअर लिहिलंय, त्यावरून सांगतो: 'संकेतस्थळ सोपे करावे' या वाक्यावर आम्हाला काहीच करता येत नाही. 'मोबाइलवर वजनाचा रकाना दिसत नाही' हे त्याच आठवड्यात दुरुस्त होतं.

एक गोष्ट नक्की मागा. पिंपळगाव नावाची गावं किती आहेत बघा, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक विभागाचं वेगळं. म्हणून रेशनचं पिंपळगाव आणि घरकुलाचं पिंपळगाव जुळत नाहीत. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला एक कोड आहे. सगळे तक्ते त्या कोडवर बांधा म्हणावं. लोकांना मात्र कोड विचारायचा नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दुकानं आपोआप समोर यायला हवीत. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मोबाइलवर वाचता आणि शोधता येईल अशा मराठी अक्षरांत) आणि तक्ते एक्सेलमध्ये उतरवता येतील असे मागा.

शिवारवाट:

एकत्रित निवेदन द्या, आणि कागदावर द्या. आवक-जावक टेबलावर पोच घ्या, शिक्का आणि क्रमांकासह. ऑनलाइन फॉर्मही भरा, पण त्यात त्या आवक क्रमांकाचा उल्लेख करा. ग्रामसभा जवळ असेल तर ठराव करून घ्या, ठरावाला वजन असतं.

कायद्याचा आधार भक्कम आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी माहिती आपणहून द्यायची, असं ४(२) म्हणतं. ४(४) तुमच्या आजींसाठीच लिहिल्यासारखं आहे: माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारं माध्यम विचारात घ्यायचं. रेशनपुरतं तर अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये कलम २७ आहे. वितरणाच्या नोंदी सार्वजनिक ठेवायच्या आणि लोकांना तपासायला खुल्या ठेवायच्या. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाचं, म्हणजे लोकांसमोर हिशोब तपासण्याचं, आणि २९ दक्षता समित्यांचं. ही कलमं निवेदनात थेट लिहा.

राजस्थानचं जन सूचना पोर्टल, म्हणजे सरकारी योजनांची माहिती लोकांना एका जागी दाखवणारं संकेतस्थळ, जरूर बघा. १३ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालं तेव्हा १३ विभागांच्या २३ योजना होत्या, पुढे खूप वाढल्या. त्यामागे मजदूर किसान शक्ती संगठन आणि इतर संघटनांचं दीर्घ काम आहे. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली आणि सरकारी कामांच्या हजेरीपटावरची नावं लोकांसमोर वाचून दाखवली. पोर्टलसाठीही माहिती तंत्रज्ञान विभाग आणि संघटना समोरासमोर बसत, कुठला रकाना हवा यावर चर्चा होई. म्हणून माझा आग्रह असा की निवेदनात सूचनांपेक्षाही वर एक मागणी लिहा: दर तीन महिन्यांनी अशी बैठक, आणि कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का, याची यादी त्याच संकेतस्थळावर.

सांजवेळ:

खासगीपणाबद्दल लिहिते, कारण निराधार योजनेच्या कामात मी हे जवळून बघितलंय. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, दिव्यांग, परित्यक्ता यांच्याबरोबर क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग झालेलेही येतात. यादीत 'लाभाचा प्रकार' हा रकाना टाकला की गावात एखाद्याचा आजार जाहीर झाला. तो रकाना नकोच. नाव, गाव, मंजुरीची तारीख, कोणत्या महिन्यापर्यंतचे पैसे जमा झाले, एवढं पुरे. आधार आणि बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल नंबर अजिबात नको. २०१७ मध्ये काही सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक उघडे सापडले होते, ते विसरू नये.

नामंजूर अर्जांचं मात्र जपून. कारण दाखवायलाच हवं, पण ते अर्जदाराला अर्ज क्रमांक टाकून दिसावं. गावासाठी आकडा: किती अर्ज आले, किती मंजूर, किती अडले, कुठल्या टप्प्यावर.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. सांजवेळताई, आजाराचा रकाना आमच्या टिपणांत होता. 'कुणाला कशासाठी मिळालं ते दिसावं' असं दोघींनी सांगितलं होतं. पुढच्या बैठकीत तुमचं म्हणणं वाचून दाखवते, त्या समजून घेतील.

ठरवलंय ते असं: प्रसंगवार मांडणी, सोबत फोटो, वर कलमं आणि बैठकीची मागणी, खाली सगळ्या ग्रामसंघांच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. आणखी एक भर घालतेय. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी गावाचं पान दर महिन्याला छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि रेशन दुकानात लावावं, मोठ्या अक्षरात.

एकच प्रश्न उरलाय. राजस्थानच्या त्या बैठकांसारखी बैठक आपल्याकडे कुठल्या जिल्ह्यात कधी झाली आहे का? झाली असेल तर तिचं इतिवृत्त किंवा आदेशाची प्रत कुणी देऊ शकेल का? निवेदनाला जोडता आली तर 'असं करता येत नाही' म्हणायला जागा राहणार नाही.