बकऱ्याच्या कवटीवर लावलेले मणी सुटतायत, गोंद बदलू का?

मणीवाली_कळवा
नमस्कार, मणीकाम आधीपासून करते पण कानातली-गळ्यातली सोडून काहीतरी वेगळं म्हणून बकऱ्याची कवटी घेतली. खाटकाकडून मुंडी आणली, कुकरला चार शिट्ट्या काढल्या, मांस एकदम सहज निघालं, चार दिवस उन्हात ठेवली आणि 11 नंबरचे काचमणी लावायला बसले. कपाळावरचं निळं फूल करायला तीन आठवडे गेले आणि आता अख्ख्या पाकळ्या पापुद्र्यासारख्या हातात येतायत. खाली हाड पिवळट आहे, बोट फिरवलं की तुपकट लागतं. दुसरं म्हणजे एका मित्राला येऊरच्या जंगलात हरणाचं शिंग सापडलंय, तो म्हणतो घे, त्यावर केलं तर चालेल का?

खाडीकाठचा
गोंद बिचारा काय करणार, हाडात चरबी आहे. उकळलं की मांस पटकन सुटतं पण चरबी वितळून हाडात मुरते आणि मग महिनोन्‌महिने बाहेर झिरपत राहते, त्यात कुकर म्हणजे तर कहरच. आता सगळे मणी काढ आणि कवटी कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून बुडवून ठेव, पाणी गढूळ झालं किंवा वर तवंग आला की बदल, असं आठवडेच्या आठवडे चालतं, दोन दिवसात होईल ही आशा सोड. माशांच्या टाकीचा हीटर असेल तर बादलीत सोड, कोमट पाण्यात काम लवकर होतं. दात सुटतील, डबीत ठेव, नंतर चिकटवता येतात. शिंगाची वरची खोळपण निघून येईल, घाबरू नको, आतला हाडाचा खुंट वेगळाच असतो. पांढरं करायला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण डब्याचं झाकण घट्ट लावू नको, गॅस होतो. कपड्यांचं ब्लीच अजिबात नको, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं.

पाचपाखाडीकर
शिंगाला हातसुद्धा लावू नकोस ताई. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग, हाड, कातडी सगळं येतं, जंगलात पडलेलं सापडलं म्हणून ते आपलं होत नाही. मित्राला म्हणावं वनखात्याला कळव. बकऱ्याची मुंडी दुकानात मिळते, तिचा हा त्रास नाही.

वाशीची_वेडी
गोंद नकोच असेल तर मेणाचा प्रकार बघ. मेक्सिकोतले विशारिका लोक, ज्यांना बाहेरचे हुइचोल म्हणतात, ते भोपळ्याच्या वाडग्यांवर आणि लाकडी प्राण्यांवर मधमाशांचं मेण आणि राळ यांचा थर देतात आणि एकेक मणी त्यात सुईने दाबून बसवतात. 2010 साली त्यांच्यातल्या दोन कुटुंबांनी अख्खी फोक्सवॅगन बीटल मढवली, 20 लाखांच्या वर मणी लागले!! मी हौसेने तसंच नुसत्या मेणावर केलं आणि मे महिन्यात खिडकीपाशी ठेवलं, मेण साठच्या पुढे वितळतं पण मऊ त्याच्या खूप आधीच पडतं, संध्याकाळी बघते तर नाकावरची रांग हनुवटीला आलेली. आता मी इपॉक्सी (दोन भाग एकत्र करून वापरायचा गोंद) वापरते, चिमटीभर कालवायचं, तेवढ्यावर मणी बसवायचे, मग पुढचं. इन्स्टंट ग्लू नको, मण्यांवर पांढरी धूळ चढते.

मणीवाली_कळवा
बापरे, म्हणजे फूल गेलंच. शिंग नको म्हणून सांगितलं मित्राला. पण ही कवटी मागून फुटलेलीच आहे, खाटकाने भेजा काढताना फोडली, मग त्यापेक्षा नवीनच आणू का?

खाडीकाठचा
नवीनच आण. आधी सांगायचं, मुंडी भाजू नका, फोडू नका, फक्त सोलून द्या, भेजा मी काढतो. मागच्या भोकातून तारेने ढवळून पाण्याने धुतलं की निघतो. आणि रविवारी सकाळी जाऊ नको, गर्दीत तो ऐकतो हो हो करून आणि हात सवयीने सुरा मारतोच, माझ्या दोन गेल्यात अशा.