मदत हवी आहे : गर्भपातानंतर बीटा एचसीजी ३८ वरून ४४, हे वाढले म्हणायचे का?

नमस्कार. मी ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहते. वय ३३, आणि हे पहिल्यांदाच दिवस राहिले होते. सहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर बीटा एचसीजीच्या (दिवस राहिल्यावर रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या) रक्ततपासणीत आलेल्या एका आकड्याचा अर्थ मला लागत नाही. माझ्या डॉक्टरबाई परगावी असून सोमवारी भेटतील, तोवर कोणी समजावून सांगू शकल्यास आभारी राहीन.

शेवटच्या पाळीपासून मोजल्यास पाच आठवडे एक दिवस झाला तेव्हा बीटा एचसीजी ४१२ होते आणि ४८ तासांनी ५३८. आकडा वाढला एवढेच पाहून सासूबाईंनी शिरा केला. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र बदलला नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीचा आकडा १५०० च्या आत असेल, तर गर्भ नीट वाढत असताना ४८ तासांत तो निदान ४९ टक्के वाढायला हवा, आणि माझी वाढ जेमतेम ३१ टक्के होती. त्याच दिवशी आतून सोनोग्राफी केली; गर्भाची पिशवी दिसली नाही, परंतु एवढ्या कमी आकड्याला ती बहुधा दिसतच नाही, असेही त्यांनी सांगितले. तीन दिवसांनी आकडा ४९७ वर उतरला आणि दुसऱ्या दिवशी अंगावरून जायला लागले. क्युरेटिंग (गर्भाशय आतून साफ करणे) केले नाही.

त्यानंतर सातव्या दिवशी १४० आणि पंधराव्या दिवशी ३८. या सर्व तपासण्या घराजवळच्या एकाच प्रयोगशाळेत झाल्या. अठराव्या दिवशी कामावर रुजू झाले होते, म्हणून ऐरोलीला कार्यालयाच्या खालीच रक्त दिले, आणि तिथला अहवाल आला ४४. घरी गर्भचाचणीच्या पट्टीवर तपासले (तपासायला नको होते, हे कळते), तर दुसरी रेघ फिकट का होईना, अजून येते. आत काही राहिले आहे का? की ही नवीन गर्भधारणा? हे अहवाल समोर ठेवून मी रात्रभर बेरीज-वजाबाकी करत बसते.

प्रतिसाद, नेरूळहून

ताई, जे झाले त्याचे वाईट वाटले. मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, तेवढ्यापुरते सांगते.

३८ आणि ४४ हे दोन आकडे एका रांगेत मांडू नका. हे संप्रेरक रक्तात एकाच रूपात नसते. अखंड रेणूंबरोबर त्याचे तुकडेही असतात, आणि तपासणीचे कोणते संच कोणते तुकडे किती पकडतील हे संचागणिक बदलते. त्यामुळे एकाच बाईचे एकाच दिवशीचे रक्त दोन ठिकाणी दिले, तरी आकड्यांत एवढा फरक पडू शकतो. म्हणून उतार पाहायचा असेल, तर प्रयोगशाळा एकच ठेवावी लागते. पट्टीचे म्हणाल, तर बाजारातल्या बहुतेक पट्ट्या २५ च्या आसपास रेघ दाखवतात. तुमची रेघ उमटली यात नवल काही नाही. जी पेशी पुढे वार बनवते तीच हे संप्रेरक तयार करते. गर्भपातानंतर ते सुरुवातीला झपाट्याने उतरते, शेवटी रेंगाळते, आणि ५ च्या खाली यायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात.

असे असले तरी सोमवारपर्यंत थांबू नका, असेच मी म्हणेन. तुमच्या सोनोग्राफीत पिशवी गर्भाशयात कधी दिसलीच नव्हती. म्हणजे गर्भ गर्भाशयात होता की गर्भनलिकेत, हे आजवर कोणी पाहिलेले नाही. नलिकेतल्या गर्भातही आकडे असेच अडखळत चढतात आणि रेंगाळतात; केवळ आकडा लहान आहे म्हणून तो धोका टळत नाही. उद्या सकाळीच ठाण्याच्या जुन्या प्रयोगशाळेत रक्त द्या. पोटात एका बाजूला दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनचेही (पुढच्या गरोदरपणात रक्तगट न जुळण्याचा त्रास टळावा म्हणून देतात ते) डॉक्टरांना विचारून घ्या.

नवीन गर्भधारणेबद्दल : गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही बीज सुटू शकते, त्यामुळे प्रश्न वावगा नाही. पण आकडा शून्यावर आलेलाच नसताना तो जुना की नवा, हे एका अहवालावरून कोणालाही सांगता येणार नाही.

प्रतिसाद, खारघरहून

माझी पट्टी साडेतीन आठवडे रेघ दाखवत होती. शेवटी नवऱ्याने उरलेल्या पट्ट्या फेकून दिल्या, ते बरेच झाले. वरच्या ताईंचे नलिकेबद्दलचे म्हणणे मात्र गांभीर्याने घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. पिशवी दिसली नव्हती याचा असाही अर्थ होतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी ‘दिसत नाही’ एवढेच ऐकून निर्धास्त झाले होते. दुखत काही नव्हते, तरी विसाव्या दिवशी जुन्याच ठिकाणी रक्त दिले. आकडा १७ आला. डॉक्टरबाईंना दूरध्वनीवर कळवले. त्यांनी उतार ठीक असल्याचे सांगितले, पण ५ च्या खाली येईपर्यंत दर आठवड्याला तिथेच तपासायचे आणि सोमवारी पुन्हा सोनोग्राफी करायची आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, तेव्हा त्या इंजेक्शनचा प्रश्न उरला नाही. सोनोग्राफीत काय दिसले, ते इथेच लिहीन.