मदत हवी आहे: डॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांचं करायचं काय?

मंडळी, एका छोट्या ओपन सोर्स पायथन लायब्ररीच्या डॉक्सचं (वापराची माहिती देणाऱ्या साइटचं) काम माझ्या गळ्यात पडलंय. साइट एमकेडॉक्स या डॉक्स बनवणाऱ्या टूलची, थीम मटेरियल, आवृत्त्या माइकने (एकाच साइटवर अनेक आवृत्त्या ठेवणारं टूल) चढवलेल्या, सगळं गिटहब पेजेसवर. आधीच्यांनी प्रत्येक पॅच रिलीजला (किरकोळ दुरुस्तीच्या आवृत्तीला) वेगळा फोल्डर केलाय, १.४.१, १.४.२ असे. ड्रॉपडाउन उघडला की संपता संपत नाही.

पण खरं दुखणं गूगलचं. फंक्शनचं नाव शोधलं की १.४ चं पान वर येतं. लोक त्यावरून कोड लिहितात, २.० मध्ये तो पॅरामीटरच नाही, मग इश्यू येतो: ‘डॉक्समध्ये आहे तसंच केलंय, चालत नाही’. त्यांचं काय चुकलं? पान जुनं आहे असं कुठे लिहिलेलंच नाही.

जुनं सगळं उडवावं तर १.४ वर अडकलेले बरेच जण आहेत. रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी काय वाचू नये ते सांगणारी फाइल) जुने फोल्डर बंद केले तर भागेल का? आणि किती आवृत्त्या ठेवाव्यात?

प्रतिसाद १
रोबोट्सच्या वाटेला जाऊ नका. गूगलला पान वाचायलाच बंदी केलीत तर त्यातला कॅनॉनिकल (मुख्य पान कोणतं ते सांगणारा) किंवा नोइंडेक्स (हे पान निकालांत नको म्हणणारा) टॅगही त्याला दिसणार नाही, आणि बाहेरून लिंक असेल तर पत्ता निकालांत राहू शकतो. शिवाय ती फाइल डोमेनच्या मुळाशीच लागते, प्रोजेक्टच्या फोल्डरातली कोणी बघत नाही.

पॅचचे फोल्डर मात्र बिनधास्त एकत्र करा. जांगो ही वेब फ्रेमवर्क डॉक्समध्ये ५.१, ५.२ एवढंच ठेवते, पोस्टग्रेस हा डेटाबेस तर नुसतं १६, १७. पोस्टग्रेसची ‘करंट’ वाट बघा: आकडा नसलेला एकच कायमचा पत्ता, जुन्या पानांचा कॅनॉनिकल तिकडे. तुमच्याकडे माइकचा ‘लेटेस्ट’ एलियास (आवृत्तीला दिलेलं दुसरं नाव) तेच काम करेल. १.४.१ वगैरेंच्या जागी १.४ कडे नेणारी रीडायरेक्ट पानं ठेवा, म्हणजे लिंका तुटणार नाहीत.

धागाकर्ता
हे पटलं. माइकच्या सेटिंगमध्ये कॅनॉनिकल आवृत्ती ‘लेटेस्ट’ केली, नवी पानं बरोबर आली. जुन्यांत काहीच बदल नाही!

प्रतिसाद १
नाहीच होणार. माइक जुन्या आवृत्त्यांना हात लावत नाही, ते तयार एचटीएमएल गिटच्या ब्रँचवर तसंच पडून असतं. ड्रॉपडाउन ताजा दिसतो कारण तो आवृत्त्यांची जेसन फाइल ब्राउझरमध्ये वाचतो. गिटमधला १.४ चा टॅग (त्या वेळच्या कोडची खूण) चेकआउट करून त्यावर नवं कॉन्फिग आणि ‘ही जुनी आवृत्ती आहे’ ची पट्टी घाला, पुन्हा बिल्ड करून त्याच नावाने डिप्लॉय करा, म्हणजे साइटवर चढवा. फक्त जुन्या प्लगइनांच्या आवृत्त्या पिन करा, म्हणजे ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा, नाहीतर बिल्डच रडेल.

धागाकर्ता
करून बघतो. एकच शंका: २.० मध्ये जी पानं उरलीच नाहीत, त्यांचा कॅनॉनिकल ‘लेटेस्ट’कडे गेला तर ४०४ (‘पान सापडलं नाही’) मिळणार. तिथे १.४ चं पान स्वतःकडेच दाखवत ठेवायचं का? आणि अशी पानं वेगळी काढायला कोणाकडे स्क्रिप्ट आहे का?