मदत हवी आहे: ‘व्हॅली’ला दरी म्हणू की खोरं?

नमस्कार मंडळी. शनिवारी नाशिकला छापखान्यात मजकूर द्यायचाय आणि मी एका शब्दापाशी अडून बसलेय.

आमचं शेत निफाड तालुक्यात, गोदेकाठी. धाकट्या भाऊजींनी द्राक्षबागेला लागून पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. माहितीपत्रक मुंबईच्या एका एजन्सीनं इंग्रजीत लिहून दिलं, मराठी मी करते म्हटलं. (हौस, दुसरं काय!) दोन पानांत ‘व्हॅली’ अकरा वेळा. शब्दकोशात पहिला अर्थ दरी, म्हणून मी सरसकट दरी घातली आणि आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, वाचून दाखवलं. ‘हिरव्यागार दरीत वसलेले आमचे घर’ ऐकून म्हणाले, "सूनबाई, साठ वर्षं या रानात नांगर धरला, बैल कधी दरीत गेला नाही."

बरं, खोरे लिहावं तर ‘खिडकीतून दिसणारे खोऱ्याचे दृश्य’ पाटबंधारे खात्याच्या फलकासारखं वाटतं. एजन्सीच्या हिंदी मजकुरात ‘अंगूरों की घाटी’ आहे, ते मराठीत आणलं तर लोक गाडीचा गिअर बदलतील.

शिवाय खोल्यांची नावं. एजन्सीनं व्हॅलीचेच चार समानार्थी शब्द निवडलेत: व्हेल, ग्लेन, डेल आणि डेल. शेवटच्या दोन्हींचं स्पेलिंग इंग्रजीत वेगळं आहे म्हणे, देवनागरीत जुळी भावंडं झाली. ‘व्हेल’ची पाटी वाचून पुतण्यानं मासा कुठाय विचारलं. या चारांत खरंच काही फरक आहे का? आणि मराठीत काय ठेवू?

चांदवडचा पाहुणा:
ताई, तुमच्या आप्पांचा कान पक्का आहे. माझ्यापुरता हिशोब असा: आपण वर उभे असू आणि खाली बघून पोटात गोळा आला, तर ती दरी. हरिहरच्या पायऱ्यांवरून दिसते ती, कसारा घाटात रेल्वेच्या खिडकीतून दिसते ती. आपण आत राहत असू, मधून नदी जात असेल, तिच्या पाण्यावर पिकं येत असतील, तर ते खोरं. म्हणून वर्तमानपत्रं काश्मीर दरी लिहीत नाहीत, काश्मीर खोरे लिहितात. सुमारे १३५ किलोमीटर लांब आणि ३२ किलोमीटर रुंद, आत शहरं, तळी, भातशेती. त्याला दरी कोण म्हणेल?

आमच्याकडे सातमाळेवर उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. डोंगराच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस गोदावरीच्या खोऱ्यात, तो बंगालच्या उपसागराला जातो. उत्तर अंगाचा गिरणेला मिळून तापीच्या खोऱ्यात, तो अरबी समुद्राला. सर एकच, वाटण्या दोन.

निफाडला दरी लिहू नका, एवढंच. पाहुणे दोर घेऊन येतील.

निवृत्त भूगोल:
नियम चांगला आहे, पण पुस्तकात टिकत नाही. शाळेत आम्ही ‘दरीय वारे’ शिकवायचो: दिवसा दरीतून उताराने वर चढणारे, आणि रात्री उलटे, डोंगरावरून उतरणारे पर्वतीय वारे. खचदरी, हिमनदीची यू आकाराची दरी, नदीची व्ही आकाराची दरी, सगळीकडे दरीच. म्हणजे भूरूपाचं नाव घ्यायचं असेल तर दरी हाच शब्द, मग तळ कितीही रुंद असो.

उलट खोरे कधीकधी व्हॅलीपेक्षा फार मोठं होतं. इंग्रजीत ज्याला बेसिन म्हणतात, त्यालाही आपण खोरेच म्हणतो. नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं करत शेवटी गोदावरीला मिळतं. त्या हिशोबानं नागपूरही गोदावरी खोऱ्यात. तुमच्या खिडकीतून नागपूर दिसतं का?

आणखी एक. भिंती अंगावर आल्यासारख्या जवळ असतील तर घळ किंवा घळई. साम्रदच्या सांदणला सगळे व्हॅली म्हणतात, मराठीतही सांदण दरी रूढ झालंय, पण आत उतरलेल्या कुणालाही विचारा, ती घळ आहे.

ताकपिठ्या:
खोल्यांवर येतो. व्हेल म्हणजे रुंद, सपाट, सौम्य; हा शब्द बोलण्यात कमी, कवितेत जास्त. ग्लेन स्कॉटलंडचा: लांब, अरुंद, दोन्हीकडे डोंगर. पहिला डेल उत्तर इंग्लंडचा, यॉर्कशायरमधला. दुसरा डेल म्हणजे झाडीतला छोटा खोलगा. तुमच्या सपाट रानात चारांपैकी फक्त व्हेल बसतो, आणि त्याचाच तुम्ही मासा केलात.

पहिल्या डेलचा जर्मन भाऊ ‘ताल’, जुन्या स्पेलिंगमध्ये ‘थाल’. निअँडरथाल म्हणजे निअँडरची दरी, तिथे त्या आदिमानवाची हाडं सापडली. योआखिम्सथाल नावाच्या गावच्या चांदीच्या नाण्याला थालर म्हणू लागले, त्याचा पुढे डॉलर झाला. आपल्या कसारा घाटाचं दुसरं नाव थळ घाट, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, पण दरवेळी इगतपुरीकडे जाताना मला आठवतंच.

आणि घाटी खरंच नको. हिंदीत घाटी म्हणजे दरी, आपल्याकडे घाट म्हणजे डोंगरातली वाट, रामकुंडावर घाट म्हणजे पायऱ्या, इंग्रजांनी तर अख्ख्या सह्याद्रीलाच घाट करून टाकलं. तुमचा पाहुणा कुठे पोचेल सांगता येत नाही.

मराठी नावं हवीत तर ‘मावळ’ आणि ‘नेर’ घ्या. दोन्हींचा अर्थ खोरंच. पुण्याकडे बारा मावळ, जुन्नरकडे भीमनेर, कुकडनेर, मिन्नेर. ‘घळ’ मात्र नको, तिथे झोपायला कोण पैसे देईल?

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. अकरापैकी सात व्हॅली सरळ उडवल्या. ‘नदीकाठच्या बागेत’ म्हटलं की काम भागतं. ब्रह्मगिरीच्या सहलीच्या परिच्छेदात दोन ठिकाणी दरी ठेवली, तिथे ती खरोखर आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ हे भौगोलिक मानांकनाचं नाव, त्याला हात लावला नाही. निवृत्त भूगोल, नागपूरचं भाऊजींना सांगितलं, ते अजून हसताहेत.

अकरावी उरली ती पहिल्याच वाक्यातली. काल आप्पांना विचारलं, तुम्ही या पट्ट्याला काय म्हणायचा? म्हणाले, "काय म्हणणार? गंगथडी." आमच्याकडे गोदेला गंगाच म्हणतात, हे मला लग्नानंतर सोळा वर्षं माहीत आहे आणि तरी मी शब्दकोश उघडून बसले होते. वाक्य आता ‘गंगथडीच्या काळ्या रानातलं आमचं घर’ असं आहे.

एका खोलीचं नाव मावळ, एकीचं नेर. दोन अजून बिननावाच्या आहेत. शुक्रवार रात्रीपर्यंत सुचवा.