म्युझियमच्या हिरवळीवरची फुकट संध्याकाळ – आठवतेय का कुणाला?

कमाटीबागवाली
काल माळा आवरायला काढला. मुलगा सुट्टीवर आलाय म्हणून त्यालाच वर चढवला. तर वरून एक निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी धपकन खाली आली आणि तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आमचं आडनाव भरलेलं. मुलगा म्हणतो, आई सतरंजीवर नाव कोण घालतं? आता त्याला काय सांगू, हिरवळीवर शंभर सतरंज्या पसरलेल्या, निम्म्या एकसारख्या, अंधारात उचलताना दुसऱ्याची घरी यायची.

ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल, मी सहावीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याच्या कमाटीबागेत म्युझियमच्या बाहेर हिरवळीवर संध्याकाळी काहीबाही असायचं. कोण भरवायचं ते आम्ही कधी विचारलं नाही. आज भावगीतं, पुढच्या वेळी जादूवाला, मग कुणाचं तरी व्हायोलिन. पैसे पडत नाहीत एवढं सगळ्यांना पक्कं माहीत. आई चार वाजताच दशम्या लाटायला बसायची, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, आणि आम्ही दांडियाबाजारातून चालत. बाबा ऑफिसातून परस्पर सायकलवर.

एका संध्याकाळी म्युझियमचं दारही उघडं होतं, आत बघून या म्हणे. आईने दारावरच्या माणसाला तीनदा विचारलं, तिकीट नाही ना? तो म्हणाला, नथी बेन, जाओ ने. लग्न होऊन बडोद्यात आल्याला पंधरा वर्षं झालेली, बागेत शंभरदा आलेली, पण आत पहिल्यांदा गेली. ती इमारत बघून तिला वाटायचं हे आपलं काम नाही, तिथे राजघराण्यातली माणसं जात असतील. आत शिरताना तिने चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं घाल गं, सगळे घालूनच चाललेत, तर म्हणे राहू दे, फरशी बघ किती लख्ख आहे.

व्हेलचा सांगाडा बघून धाकटा भाऊ भोकाड पसरून रडला, त्यात माझा सगळा वेळ गेला. आई मात्र चित्रांच्या दालनात एका गोऱ्या बाईच्या चित्रापाशी थांबली, मांडीवर पत्र असलेली बाई, ती हलेचना तिथून. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, काय बघितलंस? म्हणाली, तिला काहीतरी वाईट बातमी आलीये. आणि दशम्यांचा डबा उघडला.

तुमच्याही आठवणी लिहा. बडोदंच पाहिजे असं काही नाही.

तिखट_शेवउसळ
चपला हातात!! माझी आजी बँकेत पण बाहेर काढून जायची, एकदा नेल्या कुणीतरी, अनवाणी रिक्षातून आली घरी

मंग्या मांजलपूर
आमचे अण्णा मिलमध्ये होते तिसऱ्या पाळीला, म्हणजे दिवसा झोप आणि रात्री मशीन, तर अशा माणसाला संध्याकाळी सतारीच्या कार्यक्रमाला न्यायचं म्हणजे आईचा हट्टच होता, ती म्हणायची फुकट आहे, कधी नाही ते मोठा माणूस ऐकायला मिळतोय, चला. आलाप सुरू झाला आणि अण्णा पाचव्या मिनिटाला आडवे. नुसते आडवे नाही, घोरायला लागले. आलाप म्हणजे सगळं शांत आणि त्यात अण्णा. पुढचे लोक वळून बघतायत, आई पदर तोंडावर घेऊन, मी त्यांना ढोसतोय. वाजवणाऱ्या बुवांनी मान वर करून बघितलं, हसले, आणि तसंच पुढे वाजवत राहिले. घरी आल्यावर आई बोलली खूप. अण्णा म्हणाले, मला दिवसा पंखा लावून झोप येत नाही, तिथे आली, म्हणजे माणूस चांगलंच वाजवत असणार. नंतर प्रत्येक सतारीच्या कार्यक्रमाला स्वतःहून यायचे, उशी घेऊन.

कमाटीबागवाली
उशी घेऊन 😂😂 मंग्या, अण्णांना नमस्कार सांग

मंग्या मांजलपूर
गेले ताई. मागच्या श्रावणात. पण सांगतो, फोटोसमोर.

सातारची सून
मंग्या दादा 🙏

कुकर लावून लिहितेय, शिटी झाली की पळणार. मी ९४ ला लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले. गुजराती ओ की ठो कळत नव्हतं, लारीवर भाजी घ्यायची तर बोटाने दाखवायचे. सासूबाई कडक. पहिले चार महिने त्या हसलेल्या मी पाहिल्याच नाहीत. तर एका संध्याकाळी म्हणाल्या चल, साडी बदल, बागेत भवाई आहे. भवाई म्हणजे इथलं लोकनाट्य हे मला कुठे ठाऊक, मला वाटलं जवाई, कुणाचे जावई आलेत की काय. बँडस्टँडच्या बाजूला गर्दी, आणि ते दोघेजण लांबच्या लांब तांब्याची भुंगळ घेऊन असे काही फुंकायला लागले की मी दचकून सासूबाईंचा हात धरला. मग तो रंगला आला, विदूषकासारखा असतो तो, आणि एक पुरुष बाई झालेला, साडी माझ्यापेक्षा चापूनचोपून नेसलेला. मला शब्द एक कळत नव्हता. सासूबाई कानात मराठीत सांगायच्या आणि सांगता सांगता स्वतःच हसायच्या, शेवटी तर त्यांच्याने बोलवेचना, डोळ्यातून पाणी, कवळी सावरतायत. मी रंगल्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. येताना त्यांनीच शेंगा घेतल्या, दोन पुड्या, एक माझी. गुजराती मी त्याच्यानंतर शिकले बरं का, त्यांच्याकडूनच, आणि शिव्या पहिल्या.

शिटी झाली

अधिक-उणे
छान धागा. ते व्हेलचं म्हणून सांगतो, लहानपणी आमच्या वाड्यात एक काका छातीठोकपणे सांगायचे की तो देवमासा सयाजीरावांनी बंदुकीने मारला. महाराज गेले १९३९ मध्ये. देवमासा मही नदीच्या मुखात वाहून आला १९४४ मध्ये. तेव्हा मारायचा प्रश्नच नाही. निळा देवमासा आहे तो, सांगाडा ७२ फूट. आणि चित्रांच्या दालनाची गंमत वेगळीच. म्युझियम १८९४ चं, शेजारची पिक्चर गॅलरी १९१४ ला बांधून तयार होती पण पहिलं महायुद्ध लागलं, युरोपातून यायची चित्रं तिकडेच अडकली, म्हणून उघडली थेट १९२१ ला.

तिखट_शेवउसळ
म्हणजे त्या बाईचं पत्र सात वर्षं उशिरा आलं. वाईट बातमी असणारच

अधिक-उणे
😀 हे मला सुचायला हवं होतं

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. माझी गोष्ट म्युझियमची नाही, पण आमच्याकडे फुकटाचा बाप आहे, तानसेन समारोह, गाण्याचा. डिसेंबरात तानसेनच्या समाधीपाशी, सकाळी बसा नाहीतर रात्री बसा, कोणी तिकीट विचारणार नाही. २०२४ मध्ये शंभरावा झाला. ठंडी अशी असते भाऊ की टाळी वाजवायची तर रजईतून हात बाहेर काढावा लागतो, म्हणून आमचे आजोबा नुसती मान हलवायचे. तिथे चिंचेचं झाड आहे, त्याची पानं चावली की गळा सुरेल होतो म्हणतात. आमच्या चुलतभावाने शाळेच्या गायनस्पर्धेच्या आदल्या दिवशी खिसे भरभरून खाल्ली. स्पर्धेच्या दिवशी तो कुठे होता ते सांगत नाही, लोक जेवत असतील.

इंदुरी पोहे
लष्करवाले भिया, आमच्या आत्या तुमच्याकडेच दिल्यात, तीच ठंडी सांगतात. इंदूरला आम्ही कार्यक्रम कुठलाही असो, सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात संपवतो. आणि बडोदेकरांनो फार मिरवू नका हं, तुमच्या फाइन आर्ट्सला १९५० पासून पेंटिंग शिकवणारे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आमचे इंदूरचे.

मंग्या मांजलपूर
घेतले आम्ही, परत नाही देणार

भाडेकरू_२००३
मी चाळीसगावचा. २००३ मध्ये इथे एका कारखान्यात लागलो, पगार बावीसशे, खोलीत चौघं. नाव नको लिहायला कारखान्याचं, तीन महिने पगार अडकवला होता त्यांनी. रविवार म्हणजे सगळ्यात वाईट वार. खोलीवर बसवत नाही, बाहेर गेलं की पैसे. असाच बागेत फिरत होतो तर माइकवरून अभंग ऐकू आला. बडोद्यात मराठी बोलतात हे माहीत होतं पण असं कानावर पडेल असं वाटलं नव्हतं. मागे झाडाला टेकून उभा राहिलो, म्हटलं पावती फाडत असतील तर पळता येईल. एका आजींनी खुणेने बोलावून सतरंजीवर बसवलं. विचारलं कुठला? चाळीसगाव म्हटल्यावर त्यांनी काही बोलायच्या आधी डबाच पुढे केला. खाताना मला रडू आलं आणि मी खोकल्याचं नाटक केलं. त्या म्हणाल्या तिखट आहे का रे चटणी? म्हटलं हो आजी फार तिखट आहे. त्यांनी गूळ दिला.

अजून इथेच आहे. लग्न झालं, मांजलपूरलाच घर आहे. मंग्याभाऊ कुठल्या बाजूला तुम्ही?

मंग्या मांजलपूर
देवळाच्या मागच्या गल्लीत, ये रे. चहाला ये.

सातारची सून
भात लागला खाली, तुमच्या चटणीपायी

स्पष्ट बोलतो राग नसावा
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. फुकट ठेवलं की गोंधळ होतोच. गाणारा डोळे मिटून बसलाय आणि समोर पोरं पकडापकडी खेळतायत, बायकांच्या कुकरच्या गप्पा, मध्यंतरात चहा-नास्ता झाला की निम्मी हिरवळ रिकामी. कागदी पुड्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्यांनी उचलायच्या. दहा रुपये का होईना, लावावेत.

भाडेकरू_२००३
तुमचं खरं आहे काका. पण तेव्हा दहा रुपये लावले असते तर मी झाडापाशीच राहिलो असतो.

स्पष्ट बोलतो राग नसावा
हं. पुड्यांचं तरी बघा मग

चित्रकला_मास्तर (निवृत्त)
मी वर्गातली पोरं इथल्या कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात न्यायचो. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन १९३९ ते ४६ च्या दरम्यान चार भिंती रंगवून गेले, गंगावतरण, मीरा, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारत. पोरांना सांगायचो, बोलू नका, फक्त एक हात शोधा जो तुम्हाला आवडला. अर्ध्या तासाने एकाने येऊन सांगितलं, सर मला पाय आवडला. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं बरोबर उत्तर मिळालं नाही.

संध्याकाळच्या कार्यक्रमांबद्दल म्हणाल तर तिथे मी रांगोळीच्या स्पर्धेचा परीक्षक असायचो आणि दरवर्षी कुणाची तरी आई माझ्याशी भांडायची.

तिखट_शेवउसळ
सर तुम्ही कारेलीबागेत राहायचात का? निळी लुना?

चित्रकला_मास्तर (निवृत्त)
लुना हिरवी होती. आपण कोण?

तिखट_शेवउसळ
सर मी ती रांगोळीवाली. आई भांडली होती ती माझीच 🙈

चित्रकला_मास्तर (निवृत्त)
मोर होता. मान वाकडी होती. अजूनही तेच म्हणेन.

कोरसमधली तिसरी
मी गायलेय तिथे!! शाळेचा समूहगीताचा गट, अकरा मुली, पांढरा फ्रॉक लाल रिबिनी. पहिलं कडवं झालं आणि माइक बंद. माइकवाला वायरी चाचपत पळतोय, बाई खालून हातवारे करतायत चालू ठेवा. आम्ही ओरडून ओरडून गातोय. आणि दुसऱ्या कडव्यात बरोब्बर समेवर मागून प्राणिसंग्रहालयातला सिंह गरजला. बागेतच आहे ना ते, म्युझियमपासून चालत. तबल्यावरचे काका थांबलेच. दोन मुली रडल्या, एक स्टेजवरून खाली उतरली ती आलीच नाही परत. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की कुणासाठी वाजवल्या तेच कळेना. घरी आजोबा म्हणाले, मी नीट ऐकलं, तुमच्यात तोच एक सुरात होता.

इंदुरी पोहे
🤣🤣 हे आत्यांना वाचून दाखवतो

लष्करवाला
त्यालाही चिंचेची पानं दिली असतील कुणी

कमाटीबागवाली
सगळ्यांचं आत्ता वाचलं, दुपारभर पाहुणे होते. आईला पण वाचून दाखवला धागा. चौऱ्याऐंशीची आहे, गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं म्हणून दोनदा मोठ्याने वाचावं लागलं, शेजारच्यांनी पण ऐकला असेल. भाडेकरू भाऊ, तुमचं ऐकून ती म्हणाली, त्या आजी मी नव्हे, मी गूळ नेत नसे, मुंग्या येतात. मंग्याच्या अण्णांच्या उशीला फार हसली. आणि मला सांगितलंय की चूक दुरुस्त कर. चपला हातात घेतल्या नव्हत्या, पिशवीत घातल्या होत्या, हातात धरून कोण फिरेल, लोक काय म्हणतील.

चित्राचं विचारलं तर म्हणाली, आठवतं ना. पण वाईट बातमी नव्हे ती. मग काय होतं विचारलं तर म्हणे, तेव्हा तुझा मामा आजारी होता गावाकडे, मला रोज पत्राची धास्ती असायची, म्हणून तसं वाटलं असेल. हे मला आज कळतंय.

सातारची सून
ताई न्या की त्यांना एकदा. माझ्याकडे घडीची व्हीलचेअर आहे सासूबाईंची. त्या गेल्यापासून नुसती पडून आहे, देते.

कमाटीबागवाली
देतेस? येत्या रविवारी सकाळी जमेल का बघते. ऊन व्हायच्या आत.

भाडेकरू_२००३
मी येतो ढकलायला. रविवारी सुट्टी असते.

कमाटीबागवाली
या. आई विचारतेय चटणी किती तिखट चालेल

तिखट_शेवउसळ
मला पण यायचंय पण मास्तर येणार असतील तर आधी सांगा