दीड हजाराच्या आत ख्रिसमस ट्री लावू नये म्हणे!

सिडकोतली मावशी:
काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, "दीड हजाराच्या आतलं ख्रिसमस ट्री म्हणजे गरिबीची जाहिरात. जमत नसेल तर लावूच नका." वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिते. माझं माहेर भोकरदनकडचं. कापसाची वेचणी उरकली की बाबा चांगली फांद्यांनी भरलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड, बघून उपटून आणायचे. कुंडीत विटांचे तुकडे घट्ट बसवून ती उभी करायची. रिकामी बोंडं छाटायची नाहीत, ती वाळून फुलासारखी उघडलेली असतात. त्यांच्यावर चंदेरी रंगाचा हात फिरवायचा. पोळ्याचा उरलेला बेगड, बैलांचे गोंडे, दिवाळीची लाइटिंग, वर जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेली चांदणी. विकत काय आणलं? रंगाची डबी! आलेला पाहुणा आधी झाड बघायचा, मग करंजीला हात घालायचा.

गंजगोलाई:
ती पोस्ट माझी आहे, नाव घ्यायला लाजू नका. पऱ्हाटी हे सरपण आहे, मावशी. माझ्या पोरीच्या शाळेतल्या मैत्रिणी घरी येतात, त्यांच्यापुढं काड्या उभ्या करू? मी एकदाच चार फुटी घेतलं, दरवर्षी खोक्यातून काढतो, झटकतो, लावतो. वर्षाचा खर्च शून्य. तुमची रंगाची डबी तरी दरवर्षी येते!

जुना जालनेकर:
दोघंही झाडालाच धरून बसलात. आमच्या पिढीचा नाताळ म्हणजे दारावर कागदी चांदणी, गव्हाणी आणि रात्रभर भजन. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासूनची घरं आहेत इकडं, कुणाचा नाताळ झाडावाचून अडला नाही. आणि ज्या चित्रानं इंग्लंडात या जर्मन झाडाचं वेड पसरवलं, १८४८ सालचं, व्हिक्टोरिया-अल्बर्टच्या घरचं, त्यात झाड टेबलावर ठेवलंय. राणीला टेबलावरचं चाललं, लातूरच्या गंजगोलाईंना चार फुटीच पाहिजे.

गंजगोलाई:
राणीच्या झाडावर मेणबत्त्या पेटवलेल्या होत्या. त्यापण लावता का पऱ्हाटीवर?

तुराटी:
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. वाळलेल्या लाकडावर कापसाचा बर्फ अंथरून गरम होणाऱ्या जुन्या बल्बची माळ सोडू नका. आमच्या शेजारी कापसानं धूर धरला होता, नशीब माणसं घरात होती. एलईडीची माळ घ्या, तीपण झोपताना बंद करा. बाकी कापसाचा बर्फ दिसतो झकास.

बदनापूरकर:
बर्फ?! आवं, २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल व्हता, कागदावर. खरेदी केंद्रावर गाडी नेली की ओलावा मोजत्यात. ८ टक्क्यांच्या वर कपात, १२ च्या वर गाडी माघारी. मग व्यापारी म्हणल तो भाव. लावा लावा बर्फ, तेवढा तरी कापूस इज्जतीत राहील.

तुराटी:
दादा, हमीभावाचा धागा वेगळा काढा ना. इथं झाड सजवायलोत आपण.

बदनापूरकर:
वेगळा कशाला? मावशीनं पऱ्हाटी घरात घेतली, आता कापसाचं ऐकावं लागंल. बोंडं तशीच ठेवा म्हणून सांगायलेत त्या. किडक्या बोंडात गुलाबी अळी झोपल्याली असती, ठावं हाय का? कृषी विद्यापीठवाले घसा फोडून सांगायलेत, डिसेंबरानंतर फरदड, म्हंजी वेचणीनंतर राखल्यालं जुनं पीक, ठेवू नका, पऱ्हाट्यांचे ढीग लावू नका. आन् तुम्ही त्याला चंदेरी रंग द्यायलाव!

सिडकोतली मावशी:
अळी काय माझा सोफा खाणार आहे?

बदनापूरकर:
सोफा खाईना, पर नाताळ झाल्यावर ती पऱ्हाटी कुठं फेकता? कुणाच्या तरी बांधावरच ना? अळीचं पतंग निघतंय आन् पुढच्या पिकावर बसतंय. मागं माझ्या चुलत्यानं घराच्या कडंला पऱ्हाट्या रचल्या, सरपण म्हणून. पुढच्या साली त्याच अंगाचं शेत आधी गेलं. ह्याला पुरावा मागू नका, मी डोळ्यानं बघितलंय.

गंजगोलाई:
वा! म्हणजे माझं प्लास्टिकचं झाडच शेतकऱ्याच्या हिताचं निघालं की. कुणीतरी सत्कार करा माझा.

जुना जालनेकर:
सत्कार करू, शाल तुम्हीच आणा. दीड हजाराच्या आतली नको.

सिडकोतली मावशी:
बदनापूरकर, ओरडायचं कारण नाही. आमच्याकडं नवीन वर्ष लागलं की ती पऱ्हाटी चुलीत जायची, बोंडांसकट. आता चूल नाही, तर अंघोळीच्या बंबात जाते. आणि ठीक आहे, डाग पडलेली, न उमललेली बोंडं आधीच तोडून जाळते. झालं समाधान?

बदनापूरकर:
बंबात जात आसंल तर माझं काय म्हणणं नाही. हे आधीच सांगायचं व्हतं, उगं माझं रक्त आटवलं.

गंजगोलाई:
माझं म्हणणं तसंच आहे. सरपण ते सरपण. फक्त पोरीनं हा धागा वाचलाय आणि आता तिला बोंडं रंगवायचीत. लातुरात पऱ्हाटी कुठं मिळंल?

बदनापूरकर:
माझ्याकडं दोन एकर उभ्या हायत. फुकट न्या. उपटायची मजुरी तेवढी तुमची, आन् सगळ्याच न्याव्या लागतील.