थीम बदलली तरी बटण निळंच राहतं

जॅकार्ड, सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांसाठी ऑर्डरची पोर्टलं बनवतो. प्रत्येक मालकाला आपलाच रंग हवा, म्हणून बटण, टेबल, फॉर्म एका कंपोनंट लायब्ररीत (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार भागांच्या संचात) काढलेत आणि रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे पानाच्या स्टाइलमधल्या नाव दिलेल्या किमतींत. नावं मराठीच ठेवलीत, ब्राउझरला चालतात: --मुख्य-रंग आणि त्यावरून घेतलेला --बटण-रंग, दोन्ही रूटवर, म्हणजे पानाच्या सगळ्यात वरच्या घटकावर. अख्ख्या पानाची थीम बदलली की सगळं झकास. पण एकाच पानावर तीन मालकांचे नमुने शेजारी दाखवायचेत. एका नमुन्याच्या कार्डाच्या डिव्हवर (डब्यावर) --मुख्य-रंग मरून केला, शीर्षक मरून झालं, बटण मात्र निळंच. गड्डा यात्रेआधी डेमो आहे.

शेंगाचटणी:
कशाला एवढं बे? सॅस (सीएसएस बनवून देणारी भाषा) घे, मालकागणिक वेगळी फाइल बनव.

आडवाधागा:
सॅसची व्हेरिएबलं बिल्डच्या वेळीच संपतात, तीन फाइली एका पानावर आल्या की एकमेकींच्या उरावर बसतील. नको.

जॅकार्ड, तुमचा --बटण-रंग रूटवर आहे ना, मग त्यातला व्हार, म्हणजे --मुख्य-रंगाची किंमत मागणारा var(), तिथंच सुटतो. खाली कार्डाला वारशानं मिळतो तो तयार निळा. कार्डात मुख्य रंग बदलल्याचा त्याला पत्ताच नाही. रूटवरची ती ओळ काढा. बटणाच्या नियमातच आधी --बटण-रंग मागा, तो नसेल तर पर्याय म्हणून --मुख्य-रंग. ज्याला फक्त बटण वेगळं हवंय त्याचीही सोय होते.

मजकुराच्या रंगालाही वेगळं व्हेरिएबल द्या. उद्या कुणी हळदी पिवळा मागितला की त्यावर पांढरी अक्षरं दिसायची नाहीत. साध्या मजकुराला 4.5:1 कॉन्ट्रास्ट लागतो. आणि बटणाची उंची पिक्सेलात बांधू नका. ‘ऑर्डर पूर्ण करा’ टाकून बघा: ‘पूर्ण’ या एकाच शब्दात वर रफार, खाली ऊकार. इंग्रजी ‘सेव्ह’वर तपासलेली बटणं तिथंच कापली जातात. पॅडिंग आणि लाइन-हाइट थीममध्ये ठेवा.

जॅकार्ड:
झालं, तिन्ही कार्डं आपापल्या रंगात आली! आता फक्त तारखेचा पॉपअप निळा उघडतोय.

आडवाधागा:
तो बॉडीच्या शेवटी जोडला जात असणार, म्हणजे कार्डाच्या बाहेर. वारसा येणार कुठून? कार्डाला मालकागणिक खुणेचा एक गुणधर्म द्या; पॉपअप उघडताना तोच थीम-अ‍ॅट्रिब्यूट पॉपअपच्या डब्यावरही लावा, आणि मरून वगैरे रंग डिव्हवर न लिहिता त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या सिलेक्टरखाली हलवा.